अंजनाच्या पायांचे तळ

१२ जानेवारी २०२५, रविवार

आई कशी आहे? – पाय सोडला तर बरी आहे.
ताई कशी आहे? – बोरिवलीला सुखात आहे. जावई बरे. फोनवर ओरडते, म्हणजे तब्येत चांगली.
मोत्या कसा आहे? – म्हातारा झाला. दुपारभर होडीच्या सावलीत पडून असतो. भरतीचं पाणी शेपटीला लागलं की उठतो.
होडी? – वर ओढून ठेवलीय. रंग द्यायचा आहे.
आणि पपा, तुम्ही? – मी ठीक.

देवेश दर रविवारी आखातातल्या टगवरून, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवरून, फोन करायचा, तेव्हा ह्याच क्रमाने विचारायचा. एकदा म्हटलं, अरे, माझा नंबर कुत्र्याच्याही मागे? तर हसला – “पपा, फोन तुम्हीच उचललात, म्हणजे तुम्ही बरे आहात ना!” आता फोन येत नाही. रविवारी मीच विचारतो, मीच लिहितो. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला इंजिनाच्या पुस्तकातून आणि भज्यांच्या कागदावरून शिकलो. तेव्हा अक्षर असंच राहणार.

आज सकाळी चहा घेऊन बाहेर आलो तर लादीवर लाल ठसे. मोरीपासून देवापर्यंत, देवापासून चुलीपर्यंत. म्हटलं, अंजना, हे काय? ती खाली बघून म्हणते – “कुंकू सांडलं असंल.” कुंकू कसलं! तळपाय उलटा करून बघितला तर शिंगाळा माशाचा काटा. चांगला रुतलेला, वर मळ बसलेला. कालपासून तरी असणार. एवढा काटा मला लागला तर मी सगळं मढ गाव डोक्यावर घेईन. हिला पत्ताच नाही!

पूर्वीला, देवेशच्या ताईला, फोन केला. “पपा, शुगर आहे तिला! किती वेळा सांगितलं अनवाणी फिरू देऊ नका!”

फिरू देऊ नका. जशी ती मला विचारून फिरते!

टग बुडाली ती मागच्याच्या मागल्या दिवाळीनंतर. बाकी सगळे सापडले. आमचा सापडला नाही. कागदावर लिहून आलं – बेपत्ता. त्या एका शब्दाला धरून अंजना देवीसमोर उभी राहिली आणि नवस बोलली. पोर दारात येईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. मी बाजूलाच होतो. तेव्हा बोललो नाही. नंतर पुष्कळ बोललो. वेडी म्हटलं, हट्टी म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि तशीच बोंबील वाळवायला गेली.

१५ जानेवारी

आज अंजनाचा पाय दाखवायला अंधेरीला हॉस्पिटलात गेलो. तरीतून खाडी ओलांडून वर्सोवा, तिथून रिक्षा. पूर्वी तिकडे थेट आली. रिक्षावाला अंजनाच्या पायाकडे बघून मला म्हणतो, “काका, मावशीला चप्पल तरी घेऊन द्या.” काय सांगू त्याला!

फिजिओथेरपीवाली मुलगी वयाने लहान आहे. गंधाली नाव. पटपट बोलते पण गोड आहे. अंजनाला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी तळपायाला टेकवायला लागली.

“आजी, लागलं की हो म्हणायचं.”

“हो.”

“आता?”

“हो.”

“आता?”

“हो हो. लागतंय की.”

“आजी, ह्या वेळी मी लावलंच नव्हतं.”

पूर्वी तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागली. अंजना डोळे मिटूनच राहिली. शाळेत चोरी पकडली गेल्यासारखी. मला इतकं वाईट वाटलं! चाळीस वर्षं हिने मला आपलं दुखणं कधी सांगितलं नाही. आता सांगायला दुखणंच उरलं नाही.

मग एक खोका आणला. आत गुलाबी, फेसासारखं पण कोरडं. त्यात पाय दाबायचा. दाबला आणि काढला. पाय जसाच्या तसा आत उमटून राहिला. टाच, चवडा, बोटं, सगळं. अंगठ्याच्या मुळाशी खोल खड्डा. गंधाली म्हणाली, “बघा बाबा, सगळं वजन इथे पडतंय. म्हणून इथेच जखम होते. आता ह्या साच्यावरून आजीच्या मापाचे इनसोल बनवू. सगळ्या पायाला सारखा टेकू मिळेल.”

मला लगेच कळलं. होडी किनाऱ्याला लावताना नुसत्या एका दगडावर टेकली तर तिथेच तिची फळी जाते. खाली सगळीकडून टेकू पाहिजे. तसं बोललोसुद्धा. गंधाली खूश. “झकास! बाबांना समजलं.”

मग म्हणाली, इनसोल सॅंडलमध्ये बसवायचे आणि घरातसुद्धा घालायचे, पाऊलभरही अनवाणी चालायचं नाही.

अंजनाने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

१७ जानेवारी

जखम धुतली. पट्टी केली. आरशात तळपाय बघायला शिकवलंय तिला. म्हणते, “तोंड बघाया वेळ नाय मना, नि पाय बघत बसू!”

२४ जानेवारी

तळ आले. घ्यायला तिघे परत अंधेरीला गेलो. मी इनसोलला तळच म्हणतो. वरून मऊ, खालून घट्ट, मधे उंच, अंगठ्याखाली थोडी खोलगट जागा. सोबत करड्या रंगाच्या सॅंडल, मागून पट्टा. अंजनाने तळ हातात घेऊन उलटसुलट केले, नखाने दाबून बघितले. पापलेट ताजं आहे का बघते तशी. “चांगलं काम हाय पोरीचं,” म्हणाली. आणि परत टेबलावर ठेवले.

“घाला ना आजी.”

“नको.”

“रंग आवडला नाही का? काळे आहेत दुसरे.”

“रंग ब्येस हाय.”

गंधालीला काहीच कळेना. आम्ही कोणी नवसाचं सांगितलं नाही. अंजनाचं म्हणणं, नवस चारचौघांत बोलायचा नसतो, त्याची धार जाते. पूर्वीला राहवलं नाही. म्हणाली, “आई, तो येणार नाहीये. सव्वा वर्ष झालं. तू पाय कापून घेतलास तरी येणार नाहीये!”

बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारत होते.

तळ पिशवीत घालून घरी आणले. तरीत अंजना माझ्या आणि पूर्वीच्या मधे बसली. पूर्वी मढपर्यंत सोबत आली. रडत होती, पण आईचा हात सोडला नाही. पोरीचंही चुकत नाही. भाऊ तिचाही गेलाय. तिने आपल्यापुरतं रडून घेतलंय. आम्ही तिला मोकळेपणाने रडूसुद्धा दिलं नाही, कारण ह्या घरात रडलं की अंजना म्हणते – “कोनासाठी रडतंस? कोन मेलंय?”

२६ जानेवारी, रविवार

आई? – घुम्यासारखी बसलीय. ताई? – फोन नाही. मोत्या, होडी? – तसेच. पपा? – आज पपांनी डोकं चालवलं!

दुपारी अंजनाला म्हटलं, तू वहाण घालणार नाहीस असं बोललीस ना देवीला? हा तळ म्हणजे वहाण नाही. अंगठा नाही, पट्टा नाही, चामडं नाही. पायाखाली धरलेली गादी आहे.

तिने तळ हातात घेऊन परत दाबून बघितला. मग विचारलं, “हे घालून देवळात जाता येल?”

बघा बाईची अक्कल! देवळाच्या दारात काढून ठेवायला लागते ती वहाण. आत जाता येतं ते बाकीचं सगळं.

म्हटलं, चल बघू. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि तळ पायाला बांधले. सुरगाठ मारली असती तर चालताना सुटली असती, म्हणून बाजूला चांगली निरगाठ मारली. दर्यावर उभी हयात गाठी मारण्यात गेली. माझी गाठ वाऱ्याला सुटली नाही, ती आता काय सुटते! आत गेलो. पुजारी अंबादास बसला होता. त्याने पायांकडे बघितलं, आमच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, “पाय दुखावलाय का काकी?” बस. तीर्थ दिलं.

येताना अंजना जरा ताठ चालत होती. देवीनेच वाट काढून दिल्यासारखी.

गंधालीला फोनवर सांगितलं, आजी तळ वापरतायत. बांधून वापरतायत हे नाही सांगितलं. उगीच कशाला!

९ फेब्रुवारी

काट्याची जखम भरत आली! रोज सकाळी मी पाय पुढ्यात घेऊन बसतो आणि बांधतो. ती लाजते. “कोनी बघंल.” बघू दे! लग्नात तुझ्या पायाला हात लावला नव्हता, आता लावतो. हसली. किती दिवसांनी! दात आहेत अजून सगळे.

व्यायामही करते. खाली टॉवेल टाकून तो बोटांनी गोळा करायचा. मोत्याला वाटतं खेळ आहे, तो दुसऱ्या टोकाने ओढतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

आई कशी? – बरी! खरंच बरी. बोंबील वाळवायला परत गेली.
ताई? – फोन आला. आईशी बोलली. भांडण मिटलं.
मोत्या? – खातोय. होडी? – रंग आणला. पपा? – ठीक.

अंजना संध्याकाळी म्हणाली, “त्याला बोंबलाचं कालवण लागतं, ओलं खोबरं घालून. ह्या वेळेला थोडं बाजूला सुकवून ठेवते.” मी मान हलवली.

१४ मार्च, धुळवड

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

काल होळीला अंजना संध्याकाळपासून उभी होती. कोळीवाड्यातल्या सगळ्या बाया, गाणी, नारळ. देवेशच्या नावाचा नारळ होळीत घातला तिने, दरवर्षीसारखा. घरी आलो. पट्ट्या सोडायला बसलो तर गाठ सुटेना. भिजून घट्ट बसली होती. सुरीने कापली. तेव्हा वास आला.

करंगळीच्या बाजूला, जिथे माझी निरगाठ बसत होती तिथे, बोट काळं पडलं होतं. गाठीचा खळगा आत उमटलेला. त्या गुलाबी खोक्यात पाय उमटला होता तसा.

मी रोज बघत होतो. तळपाय बघत होतो! अंगठ्याखाली बघत होतो. गाठीखाली बघितलं नाही. पट्टी तिथे येते, लाल झालंय ते पट्टीमुळे, असं धरून चाललो. आणि तिला काही लागलंच नाही. कशी सांगेल?

“दुखतंय का गं?” मी विचारलं. मूर्खासारखा.

“नाय,” ती म्हणाली. “तुमी घाबरू नका.”

१७ मार्च

करंगळी काढली. डॉक्टर म्हणाले, वर पसरलं नाही, नशीब समजा.

शुद्धीवर आल्यावर मी तिच्या कानाशी गेलो. म्हटलं, अंजना, माझी गाठ. माझ्या गाठीने केलं. तर म्हणते – “गाठ चांगलीच होती. सुटली नाय.”

असं बोलतं का कोणी! मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

१८ मार्च

जेवण गेलं नाही.

२२ मार्च

गंधाली हॉस्पिटलात आली. सुट्टीच्या दिवशी, स्वतःहून. मी सगळं सांगून टाकलं – टग, नवस, देऊळ, पट्ट्या. नवसाची धार जायची ती जाऊ दे.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी. “बाबा, मला आधी का नाही सांगितलंत? मी काहीतरी केलं असतं ना! मोज्यासारखं काही शिवून घेतलं असतं, मऊ. माझ्या आजीचेही नवस होते, मी हसले नसते हो.”

पोरीला एक शब्द सांगितला असता तर बोट राहिलं असतं. आम्ही देवीला सांगितलं, पुजाऱ्याला दाखवलं. जिला पायातलं कळतं तिलाच तेवढं लपवलं.

मग अंजनाजवळ बसली, तिच्या हातावर हात ठेवून. “आजी, आता खरं बोलते हं. आता मोजा चालणार नाही. बोट गेल्यामुळे वजन दुसरीकडे पडणार. नवीन माप घेऊ, रिकाम्या जागी भर घालू. पण ते घट्ट सॅंडलमध्येच. अनवाणी चाललात तर पुढच्या वेळी बोट नाही, पाय जाईल.”

अंजना म्हणाली, “बरं.”

बरं म्हणजे ऐकलं. एवढंच.

३० मार्च, रविवार, पाडवा

आई? – घरी आली. खाटेवरून गुढी बघितली.
ताई? – राहायला आलीय. मोत्या? – खाटेखालून हलत नाही. होडी? – रंगाचा डबा तसाच. पपा? – विचारू नकोस.

११ एप्रिल

जखम भरली. परत तो गुलाबी खोका. पाय दाबला, काढला. चार बोटांचा ठसा. अंजना वाकून वाकून बघत राहिली. “वळखू येत नाय,” म्हणाली. “दुसऱ्या कोनाचा वाटतो.”

१८ एप्रिल

नवीन तळ आले. नवीन सॅंडल, पुढून बंद. दाराशी ठेवल्यात. अंजना खाटेवर. ना उतरते, ना घालते. मोरीपर्यंत पूर्वी आणि मी उचलून नेतो.

पूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाली, “पपा, मी आता तिला काही बोलणार नाही. तुम्ही बघा.” मी गेलो. म्हटलं, अंजना, नवस मी फेडतो. देवीला मी सांगतो. तिला काय, माणसाचा पाय पाहिजे का? पाया पडतो तुझ्या, पण घाल.

भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “सगले सांगतात तो नाय. तुमी पण सांगा. एकदा सांगा तुमच्या तोंडानं.”

ते सोडून मी तिचं पांघरूण नीट केलं. उठून बाहेर आलो.

२० एप्रिल, रविवार

सकाळी चहा प्यायली आणि म्हणाली, “आणा त्या.”

मला वाटलं बशी मागते. बोट दाराकडे होतं.

खाली बसून मीच घातल्या. आधी तळ नीट बसलेत का हात घालून बघितलं. शिवण बघितली, कडा बघितल्या, आता सगळीकडे बघतो. मग पाय आत. पट्टा लावला. ती भिंतीला धरून उभी राहिली. दारापर्यंत गेली. परत आली. नीट चालली, लंगडली नाही. गंधालीने बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

खाटेवर बसून म्हणाली, “मे महिन्यात त्याचं करून घेऊ. देह नसला की पुतळा करतात ना, तसं. अंबादासला विचारा काय काय लागंल. पूर्वीला बरं वाटंल.”

आवाजात काहीच नव्हतं. बाजाराची यादी सांगावी तसं.

पूर्वी तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. ह्या घरात पहिल्यांदा कोणी देवेशसाठी रडलं आणि कोणी अडवलं नाही. मी पण रडायला पाहिजे होतं. दीड वर्ष हेच तर मागत होतो, घाल गं बाई, घाल. आज घातल्या, आणि मला वाटलं कोणी होडीच्या नांगराचा दोर कापला. तिला वेडी म्हणून मोकळा होत होतो, आणि आत आत धरून होतो की जोपर्यंत ही अशी चालतेय तोपर्यंत काही संपलेलं नाही.

आज रविवार आणि मी कोणाची तब्येत विचारली नाही.

२१ एप्रिल

देवळात गेलो होतो. परत येताना लादी तापलेली, पाय पोळले. अंजना दारातच उभी, पायात सॅंडल. नवस सांगायचा नसतो, म्हणून म्हटलं, चपला चोरीला गेल्या. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग आत वळली आणि म्हणाली, “तुमाना शुगर नाय. तुमाना चालंल.”

देवेश, आई बरी आहे. चालते. ताई बरी. मोत्या बरा. होडीला उद्या रंग देतो. मी ठीक. जिथे असशील तिथून लवकर कळव रे.